पैसा आहे, पण पत नाही

नोट ही नाशिककराला अपूर्वाईची वस्तू नाही. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जात आहेत आणि तेथे नोकरीस असलेला एखादा काका किंवा शेजारी नाही असे घर त्या भागात विरळाच सापडेल. अशा गावचा एखादा तरुण शिक्षणासाठी स्टॉकहोमला जातो, खिशात स्वीडनच्या खऱ्या नोटा घेऊन पावाच्या दुकानात शिरतो, आणि दारावरची ‘रोख रक्कम स्वीकारली जात नाही’ ही पाटी वाचून रिकाम्या हाताने परततो. तेथील लोक २०१२ च्या डिसेंबरपासून ‘स्विश’ नावाच्या सोयीने मोबाईलवरून पैसे देतात. परंतु त्या सोयीसाठी तेथील बँकेत खाते लागते, आणि सरकारी व्यक्तिक्रमांक नसेल तर ते सारे घोडे अडते. तो क्रमांक मिळेपर्यंत हा गृहस्थ पैसे बाळगूनही निर्धनच!

एक काळ असा होता की परदेशी गेलेल्या नाशिककराला ही अडचण निदान काही ठिकाणी मुळीच भासत नसे. कुवेत, बहारीन, कतार, ओमान या आखाती प्रदेशांत आपला रुपयाच रोजच्या बाजारात चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे परकीय चलनाची गळती होऊ लागली, तेव्हा १९५९ मध्ये आखातासाठी निराळ्या रंगाच्या खास नोटा काढण्यात आल्या. देशातील नोटा त्या वेळी नाशिकरोडलाच छापल्या जात. त्यामुळे तेथे नोकरीस गेलेला कारकून खजूर विकत घेई तोदेखील आपल्याच गावच्या नोटेने. पुढे १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहारीनने स्वतःचा दिनार काढला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांनी रुपयाचा निरोप घेतला. ओमान तेवढा १९७० पर्यंत थांबला.

वास्तविक चलन बदलणे ही त्यातल्या त्यात सोपी गोष्ट. १ एप्रिल १९५७ रोजी आण्यांच्या जागी नवे पैसे आले, तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांना घर न सोडताच परदेशी गेल्याचा अनुभव आला होता. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे हे ठीक, पण एका आण्याचे सहा की सव्वासहा यावरून दुकानादुकानांत हुज्जत चाले. तो हिशेब काही महिन्यांत अंगवळणी पडला. अवघड असतो तो रिवाज, कारण तो कोष्टकात छापलेला नसतो.

जर्मनीत गेलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट घ्या. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीचेदेखील पैसे मोबाईलने देण्याची त्याला सवय झालेली. यूपीआय आपल्याकडे २०१६ मध्ये आले आणि पाहता पाहता खिशातली चिल्लर नाहीशी झाली. युरोपात याहून पुढची व्यवस्था असणार या समजुतीने तो जातो, तर तेथे २०२३ मध्येही निम्म्याहून किंचित अधिक व्यवहार रोखीनेच होत असल्याचे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या पाहणीत आढळले. मित्रांसमवेत जेवायला बसावे तर वाढपी येऊन विचारतो, ‘बिल एकत्र की वेगवेगळे?’ आणि जो तो आपापले नाणे मोजून देतो. बिलावरून गोड भांडण करणे हे ज्याने सभ्यतेचे लक्षण मानले, त्याला हा प्रश्न प्रारंभी कानाखाली मारल्यासारखा लागतो. वास्तविक त्यात कोणाचा अपमान नसतो. आपला आग्रहच त्यांना ओझे वाटण्याचा संभव अधिक.

अमेरिकेत याच्या उलट तऱ्हा. तेथे वस्तूवर लिहिलेली किंमत ही द्यावयाची किंमत नव्हे. विक्रीकर गल्ल्यावर मिळविला जातो. उपाहारगृहात तर बिलाखेरीज पाचवा हिस्सा बक्षिसी म्हणून ठेवावा अशी अपेक्षा असते. आपल्याकडचे लोक याला लूट म्हणतात. पण बक्षिसी मिळणाऱ्या कामगारांना मालकाने द्यावयाचे किमान वेतन केंद्रीय कायद्याने १९९१ पासून तासाला अवघे २ डॉलर १३ सेंट इतकेच ठेवले आहे. अनेक राज्यांनी ते वाढविले, काहींनी नाही. म्हणजे आपण ज्याला बक्षिसी म्हणतो तो त्या माणसाचा पगारच असतो, फक्त तो देण्याचे काम मालकाने गिऱ्हाइकावर ढकललेले असते. ही रीत मला अन्यायाची वाटते. तथापि तिचा निषेध वाढप्याचे पैसे बुडवून करणे हा शूरपणा नव्हे.

या साऱ्याहून खोल बोचणारी गोष्ट पतीची. मराठीत पत या शब्दात अब्रूही आली आणि उधारीची लायकीही आली. आपल्याकडे ती पिढ्यांच्या ओळखीने येते. वाण्याच्या वहीत आजोबांच्या नावाचे पान असते आणि नातू त्यावर साखर आणतो. अमेरिकेत तीनशेपासून साडेआठशेपर्यंतचा एक अंक माणसाची पत ठरवितो, आणि ज्याने कधी कर्जच काढले नाही त्याला तो अंकच नसतो. आयुष्यभर ऋण टाळणे हा सद्गुण मानणाऱ्या शिक्षकाच्या मुलीला तेथे जाऊन, स्वतःचेच पैसे अनामत ठेवून, त्यांच्या आधारे कार्ड घेऊन उसनवारीचा सराव करावा लागतो. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाचा खर्च आधीच बंद खात्यात ठेवावा लागतो. २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो करण्यात आली. त्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते, तीही तेथे चालू खाते उघडल्यावर. खात्यासाठी अनेकदा नोंदविलेला पत्ता मागतात, आणि घरमालक भाडेकरूच्या पतीचा दाखला मागतो. बापाने शेत गहाण टाकून पाठविलेला पैसा समोर दिसत असतो आणि मुलगा मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपून पहिला महिना काढतो. शैक्षणिक कर्ज देताना आमच्या बँका व्याजाचा दर दशांशापर्यंत समजावून देतात. हा पहिला महिना कसा काढावा याविषयी अर्धा तास बोलायला काय हरकत आहे?

आणि आपल्या दारी आलेल्याचे काय? २०२३ पर्यंत परदेशी पाहुण्याला आपल्या यूपीआयचे दारही बंदच होते. त्र्यंबकेश्वरी आलेला परका मनुष्य फुलांच्या परडीसाठी सुटे शोधत फिरे, आणि आपल्याला त्याची गंमत वाटे. ते दार आता किलकिले झाले आहे. पण पाहुणा चार दिवसांचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्तरेकडून आलेला मजूर वर्षानुवर्षे येथे राहतो. त्याच्या वस्तीजवळच्या किराणा दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते. त्याच पाटीखाली उभा राहून दुकानदार शेजारच्या गुरुजींचे पंधरा दिवसांचे सामान वहीत मांडून घेतो, आणि मजूर कनवटीचे पैसे मोजून होईपर्यंत त्याची तेलाची पिशवी गल्ल्याच्या आतल्या बाजूस ठेवतो.