फ्रेंचमध्ये संडास विचारताना

मेहकर-चिखलीकडचा एखादा मुलगा फ्रेंच शिकायला बसला, की नाव-गाव सांगायची वाक्यं त्याच्याकडून आधी घोटून घेतली जातात. पॅरिसात उतरल्यावर लवकरच गरज पडते ती वेगळ्याच वाक्याची, आणि ते तो इंग्रजीच्या वाटेनं बनवतो. ‘बाथरूम’चं ‘साल द बँ’ करतो. फ्रान्समध्ये ती आंघोळीची खोली. कित्येक घरांत संडासाला वेगळं दार असतं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये हा शब्द चालून जातो, पॅरिसच्या कॅफेत मात्र तो ऐकून वेटर बुचकळ्यात पडेल. खरं तर वऱ्हाडातल्या माणसाला हा भेद शिकवायलाच नको. न्हाणी घरालगत आणि संडास पार परसात, ही आपल्याकडच्या जुन्या घरांची रीतच होती. मराठीतून विचार केला तर पाहिजे तो शब्द आपसूक शोधला जातो: ‘त्वालेत’, फ्रान्समध्ये तोही अनेकवचनी. ‘ऊ सों ले त्वालेत?’ एवढं पुरतं. मुळात या शब्दाचा अर्थ कापडाचा छोटा तुकडा. त्यावर फण्या-पावडरी मांडत, म्हणून पुढे नटणं-सजणं म्हणजे त्वालेत, आणि शेवटी ही खोली. आपल्या पाट्यांवरचं ‘प्रसाधनगृह’ तरी दुसरं काय सांगतं? लाजेनं दोन्हीकडे शृंगाराचाच आडोसा घेतला.

कुणी म्हणेल, आता बुलढाण्यातल्या फ्लॅटमध्येही संडास-बाथरूम एकत्रच असतं आणि मराठीतही आपण ‘बाथरूमला जाऊन येतो’ म्हणतो. बरोबर आहे, म्हणूनच बोलताना सवयीचा नव्हे, नेमका शब्द आठवावा लागतो. दुसरा आक्षेप असा, की इंग्रजी सगळीकडे चालतं आणि दारावर चित्रंही असतात. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकपासून अशी चित्रं जगभर रुळली, हे खरं. पण चित्राचा उपयोग दार दिसल्यावर. तिथवर पोचायला माणसालाच विचारावं लागतं. आणि तिथं शब्दांइतकाच रिवाज महत्त्वाचा. शेगावच्या स्टेशनावर आपण ‘भाऊ, संडास कुठं आहे?’ असं विचारतो. ‘भाऊ’ गाळला तर समोरचा वरूनखालून बघतो. फ्रान्समध्ये हे काम ‘बोंजूर’ करतं. ते न म्हणता थेट प्रश्न टाकणं तिथं उद्धटपणाचं मानतात, मग इंग्रजी कितीही सफाईदार असो. कॅफेतला संडास बहुधा गिऱ्हाइकांसाठीच असतो, तेव्हा कॉफी मागवून मग विचारणं बरं. ज्यांना एवढंही नको, त्यांच्यासाठी पॅरिसच्या रस्त्यांवर ‘सानिझेत’ नावाची स्वयंचलित शौचालयं आहेत, २००६पासून फुकट.