मालमोटारीतील पिवळा दिवा

पानिपत म्हटले की मराठी वाचकाच्या मनात १४ जानेवारी १७६१ हा दिवस उभा राहतो. आजचे पानिपत मात्र हरियाणातील एक उद्योगी नगर आहे. जुने लोकरी कपडे व चिंध्या पिंजून त्यांपासून पुन्हा सूत काढावे, त्या सुताची कांबळी विणावी आणि ती देशभर धाडावी, हा तेथील मोठा व्यवसाय होय. नगराजवळ इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण कारखाना १९९८ पासून चालू आहे, आणि दिल्लीहून अमृतसरकडे जाणारा हमरस्ता पानिपतवरूनच जातो. त्यामुळे मालमोटार, म्हणजेच ट्रक, हे तेथील जीवनाचे एक अंगच झाले आहे.

समजा, पानिपतच्या एका लहान वाहतूकदाराने तीन वर्षे चाललेला ट्रक कर्ज काढून विकत घेतला. कांबळ्यांच्या गाठी भरून तो मुंबईकडे निघाला. पहिल्याच खेपेत चालकापुढील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. वाटेतील मिस्त्रीने एक लहानसे यंत्र जोडले, कळ दाबली आणि दिवा विझला. चार दिवसांनी तो पुन्हा लागला. पुन्हा विझविण्यात आला. दुसऱ्या मिस्त्रीने एक महागडा भाग बदलला. तरीही आठवड्याने दिवा आपल्या जागी हजर! अखेर तिसऱ्या खेपेस, उदयपूरजवळ अरवलीच्या चढणीवर, गाडीची ओढच मंदावली. माल पोहोचविण्याची मुदत टळली आणि कर्जाचा हप्ता अंगावर आला. दिव्याने तर तीनदा सूचना दिली होती. मग चूक कोठे झाली?

दिव्याचा जन्म

हा दिवा मुळात इंजिनासाठी नव्हे, तर हवेसाठी जन्मास आला. अमेरिकेतील लॉस एंजल्स शहरावर दाट, डोळे चुरचुरविणारे धुके पसरत असे. १९५०च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने त्याचे कोडे उलगडले. मोटारींच्या धुरातील न जळलेली इंधनद्रव्ये आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते बनते, असे त्याने दाखवून दिले. पुढे धुरावर मर्यादा घालणारे कायदे झाले. परंतु कारखान्यातून निघताना निर्दोष असलेली गाडी दोनचार वर्षांनी कशी वागते, हे कोण पाहणार? तेव्हा गाडीनेच स्वतःवर पाळत ठेवावी आणि दोष दिसताच दिवा लावावा, अशी योजना पुढे आली. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना अशी व्यवस्था सक्तीची झाली.

भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना ‘भारत स्टेज सहा’ ही प्रमाणे लागू झाली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दर दहा लक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. अवजड वाहनांच्या इंजिनाने एक किलोवॅट-तास काम करताना नायट्रोजनची ऑक्साइडे किती सोडावीत, याची मर्यादा ३.५ ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमच्याही खाली उतरली. एवढी घट केवळ इंजिन सुधारून साधत नाही. त्यासाठी धुराच्या नळीतच एक लहानसा रासायनिक कारखाना बसवावा लागला, आणि त्यावर देखरेख ठेवण्यास संवेदक व संगणक आले. पिवळा दिवा ही त्या देखरेखीची वाणी होय.

दिवा लागतो कसा, विझतो कसा

संवेदक धुराचे तापमान, दाब व घटक सतत मोजतात. मोजलेले अंक अपेक्षेपेक्षा फार निराळे आले की संगणक त्याची नोंद करतो. तथापि तो उतावळा नसतो. मोटारींच्या सर्वसाधारण नियमानुसार तोच दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत आढळला तरच दिवा लागतो, आणि पुढील तीन फेऱ्या निर्दोष गेल्या तर तो आपोआप मावळतो. ट्रकांमध्ये तपशील काहीसा भिन्न असतो. तत्त्व मात्र हेच.

दोषाबरोबरच संगणक एक सांकेतिक क्रमांक लिहून ठेवतो. दोष उद्भवला त्या क्षणी इंजिनाचा वेग, भार व तापमान काय होते, हेही तो टिपतो. मिस्त्रीने क्रमांक पाहण्याआधीच कळ दाबली तर दिव्यासह ही सारी नोंद पुसली जाते. घरात चोरी व्हावी आणि पंचनाम्यापूर्वीच घर झाडून-पुसून लख्ख करावे, तसा हा प्रकार आहे. दोष तेथेच राहतो. पुरावा तेवढा नाहीसा होतो.

क्रमांकाचा अर्थ लावतानाही सावध राहिले पाहिजे. क्रमांक लक्षण सांगतो, निदान नव्हे. ‘धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक आहेत’ असे संवेदकाने सांगितले, म्हणजे संवेदकच बिघडला असे होत नाही. ताप मोजणारी नळी बदलून ताप उतरत नाही. आपल्या वाहतूकदाराचे पैसे दुसऱ्या मिस्त्रीकडे वाया गेले ते याच गैरसमजामुळे.

धुराच्या नळीतील रसायन

सिलिंडरमधील प्रखर उष्णतेत हवेतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन ही ऑक्साइडे तयार होतात. त्यांच्यावरचा उतारा म्हणजे अमोनिया. अमोनिया वायू ट्रकमध्ये वागविणे धोक्याचे. म्हणून युरियाचे द्रावण निराळ्या टाकीत भरतात. त्यात वजनाने ३२.५ टक्के युरिया व बाकी शुद्ध पाणी असते. हेच प्रमाण का? युरियाच्या द्रावणांत हेच सर्वांत कमी तापमानाला, म्हणजे उणे ११ अंश सेल्सिअसला गोठते. तप्त धुरात या द्रावणाचा फवारा उडाला की त्यातून अमोनिया सुटतो. पुढे उत्प्रेरकाच्या जाळीवर अमोनिया व ऑक्साइडे यांची गाठ पडते आणि निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्याची वाफ बाहेर पडते.

या व्यवस्थेचे मर्म द्रावणाच्या शुद्धतेत आहे. काटकसरीच्या हेतूने कोणी शेतीचा युरिया विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात विरघळवून टाकीत ओततो. भारतातील शेतीच्या युरियावर २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. शिवाय जड पाण्यात चुना व मॅग्नेशियमचे क्षार असतात. हे सारे फवाऱ्याच्या बारीक छिद्रात व जाळीवर साचते. थंडीत धूर पुरेसा तापत नाही, तेव्हा चांगल्या द्रावणाचेही पांढरे खडे नळीत बसू शकतात. उलट कडक उन्हात फार काळ साठविलेले द्रावण निकस होते.

आता कोडे सुटते. ट्रकच्या आधीच्या मालकाने असेच हलके द्रावण वापरले असावे. फवाऱ्याचे छिद्र अर्धवट बुजले, अमोनिया कमी पडला, ऑक्साइडे वाढली. संवेदकाने खरे तेच सांगितले. सांगून कोणी ऐकेना, तेव्हा नियमाप्रमाणे संगणकाने इंजिनाची ओढ कमी केली.

शोधाचा क्रम

जाणता मिस्त्री स्वस्त तपासणीपासून आरंभ करतो. प्रथम तो क्रमांक व त्यासोबतची नोंद कागदावर उतरवून घेतो. मग तारा कोठे घासल्या आहेत काय, धुराची नळी कोठे फुटून बाहेरची हवा आत घेते काय, हे पाहतो. नंतर द्रावणाचा एक थेंब वक्रीभवनमापकावर ठेवतो. नाशिकचा बागाईतदार द्राक्षातील साखर ज्या उपकरणाने पाहतो, त्याच जातीचे हे उपकरण. द्रावणात विरघळलेला पदार्थ जितका अधिक, तितका प्रकाशकिरण अधिक वाकतो. त्यावरून युरियाचे प्रमाण कळते. अशुद्धी मात्र कळत नाही. ती शंका असल्यास टाकी रिकामी करून धुणे, फवारा साफ करणे आणि मान्यताप्राप्त द्रावण भरणे हाच उपाय. एवढे झाल्यावर नोंद पुसावी आणि भरलेल्या गाडीची लांब फेरी करून पाहावे. दिवा लागला नाही, तरच दुरुस्ती झाली असे म्हणावे.

काही ठिकाणी संगणकास खोटे अंक पुरवून दिवा कायमचा गप्प करणारे यंत्र बसवितात. त्यामुळे द्रावणाचा खर्च वाचतो. पण सारी ऑक्साइडे हवेत जातात. हिवाळ्यात दिल्ली-पानिपत परिसरावर वारा मंदावला की याच ऑक्साइडांपासून सूक्ष्म कण बनतात आणि तेथील माणसांच्या फुप्फुसांत शिरतात. त्यांत त्या ट्रकचालकाची मुलेही असतात.

जुने वाहन घेणाऱ्यास या साऱ्यातून एक उपयुक्त धडा मिळतो. नोंद पुसली की संगणकाच्या स्वयंतपासण्याही कोऱ्या होतात आणि त्या पूर्ण होण्यास बरेच चालणे लागते. म्हणून सौद्याच्या वेळी दिवा बंद आहे एवढ्यावर समाधान मानू नये; यंत्र जोडून तपासण्या पूर्ण आहेत की अपूर्ण, ते पाहावे. बहुतेक अपूर्ण असतील तर नोंद नुकतीच पुसली गेली असण्याचा संभव मोठा, आणि विक्रेत्यास त्याचे कारण विचारणे हा ग्राहकाचा हक्क होय. आपल्या वाहतूकदाराने हा एक प्रश्न पानिपतातच विचारला असता, तर अरवलीच्या चढणीवर त्याला थांबावे लागले नसते.