नॅसकारच्या छतावरच्या झडपा

नॅसकार या अमेरिकी मोटार-शर्यतींमधली, ताशी 300 किलोमीटरने धावणारी गाडी गिरकी घेऊन उलट्या तोंडाने सरकू लागली की तिचं छत विमानाच्या पंखासारखं वागतं; वरचा दाब घटतो आणि गाडी उचलली जाते. 1993मध्ये चालक रस्टी वॉलेसची गाडी डेटोना आणि टालाडेगा या दोन्ही शर्यतमार्गांवर कोलांट्या खात गेली. 1994पासून छतावर झडपा आल्या. त्यांना मोटर लागत नाही की बटण. जो कमी दाब गाडी उचलतो तोच त्या उघडतो, आणि उभ्या झडपा छतावरचा वेगवान प्रवाह मोडतात. मला यातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं.

'तरी 2009मध्ये टालाडेगाला चालक कार्ल एडवर्ड्सची गाडी उडून कडेच्या जाळीवर आदळलीच ना?' आक्षेप रास्त आहे. पण तिला मागून येणाऱ्या गाडीची धडक बसली होती, आणि धडकेपुढे झडपा काय करणार? धडकेखेरीज गवतही गाडी उलटवू शकतं: 2023मध्ये डेटोनाला चालक रायन प्रीसची गाडी गवतावर गेल्यावर उलटत राहिली; नंतर तिथलं गवत काढून डांबर टाकलं गेलं.