हद्दीवरची बाभूळ

एकाकी झाडाचे छायाचित्र म्हटले, की हिमाच्छादित माळ, त्यावर निष्पर्ण वृक्ष आणि मागे राखी आभाळ, असे परदेशी दिनदर्शिकेवरचे एक दृश्य आपल्या मनश्चक्षूंपुढे येऊन उभे राहते. आणि ज्या मुलखात बर्फाची गाठ रसवंतीतल्या गोणपाटाखालच्या लादीपलीकडे कधी पडत नाही, त्या सातारा-सांगलीकडे असले छायाचित्र निघायचे नाही, अशी सोयीस्कर समजूत करून घेऊन आपण कॅमेरा पुढच्या सप्टेंबरात कासची फुले टिपण्यासाठी पेटीत ठेवून देतो. वस्तुतः बर्फ तिकडे करतो काय, तर भूमीवरची अनावश्यक गर्दी झाकतो. हे काम आमच्याकडे पौष महिन्यात कृष्णाकाठी धुके करते, पठारावर वाळलेले गवत करते, आणि पूर्वेच्या माणदेशात ते निव्वळ अवर्षणाने आधीच करून ठेवलेले असते.

धुक्याची रीत साधी आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होऊन उतारावरून खोऱ्यात साचते, आणि नदीचा व पाटाच्या पाण्यावरील उसाचा ओलावा तीत मिसळला, की पहाटे वाईपासून सांगलीपर्यंत काठाकाठाने दुधी पडदा उभा राहतो. त्या पडद्यात विजेचे खांब, उपसा योजनेची नळी, कारखान्याचे धुराडे ही एकामागून एक विरत जातात आणि जवळच्या बांधावरचे झाड तेवढे शाईने रेखाटल्यासारखे उरते. याच सुमारास उसाला आलेले तुरे पाठीमागच्या उन्हात चांदीसारखे पेटतात. पण नऊच्या आत सारा कारभार आटोपतो, हे लक्षात ठेवून अंथरूण सोडावे. कासची गोष्ट निराळी. सुमारे 1,200 मीटर उंचीवरचा तो जांभ्याचा सडा 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गणला गेला तो फुलांमुळे; हिवाळ्यात तिथे कोणी फिरकत नाही. खडकावर माती वीतभरही नसल्यामुळे जिथे भेग आहे तिथेच झुडूप वाढते, आणि ते वाऱ्याने एका अंगाला कललेले असते.

माझा स्वतःचा ओढा मात्र पूर्वेकडे. महाबळेश्वरी वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात, तसाच शेजारच्या सांगलीच्या आटपाडीत, तो 500 च्या आसपास घुटमळतो. म्हणून पश्चिमेला झाडांच्या गर्दीतून एक निवडावे लागते, तर पूर्वेला मैलभर चालून एक गाठावे लागते.

हिवाळ्याचे खरे देणे मात्र धुक्याहून सूर्याचे अधिक. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्ही सूर्य साताऱ्याच्या थेट माथ्यावर येतो आणि झाडाची सावली त्याच्या बुंध्यातच गडप होते. 22 डिसेंबरला तोच सूर्य मध्यान्हीदेखील 49 अंशांपलीकडे चढत नाही, त्यामुळे भर दुपारीही सावलीला अंग असते. उगवतो तोही नेमक्या पूर्वेस न उगवता दक्षिणेकडे चोवीस-पंचवीस अंश सरकून. सूर्य क्षितिजावर दहा अंश असताना, म्हणजे जानेवारीत उगवल्यापासून सुमारे पाऊण तासाने, सावली झाडाच्या उंचीच्या साडेपाच पटीहून लांब पडते. पंचवीस फुटी बाभळीची सावली तेव्हा दीडशे फुटांच्या घरात जाते हे ध्यानी आले, की छायाचित्रात जागा झाडाला द्यायची तितकीच सावलीलाही द्यायची असते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

बाभूळच का, असे कोणी विचारील. वड आणि आंबा ही वंदनीय झाडे खरी, परंतु प्रकाशाविरुद्ध पाहिली तर त्यांचा काळा ढीग होतो. सावर थंडीत पाने गाळते आणि तिच्या आडव्या फांद्यांचे मजले उघडे पडतात, तीही उत्तम. बाभळीचे वैशिष्ट्य असे, की तिची पाने इतकी बारीक, की अंगावर पाने असूनही सांगाडा लपत नाही, आणि वाकड्या फांद्यांतून आभाळ तुकड्या-तुकड्यांनी दिसत राहते.

मोकळ्या शिवारात एकच झाड उरते तेव्हा ते कोणीतरी राखलेले असते. सांगली जिल्ह्यात भोसे येथे यल्लम्मा देवीच्या देवळाजवळचा सुमारे चारशे वर्षांचा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. 2020 साली लोक त्याच्यासाठी उभे राहिले, आणि रस्त्याची आखणी बदलली. महामार्गातून सुटलेला तो वृक्ष 2022 च्या जूनमध्ये वादळी पावसाने कोसळला. उलट जपानच्या होक्काइडो बेटावर बिएई येथे शेतात उभे असलेले, 'तत्त्ववेत्त्याचे झाड' म्हणून नावारूपाला आलेले पॉप्लर 2016 च्या फेब्रुवारीत खुद्द मालकानेच पाडून टाकले. झाड जीर्ण झाले होते हे एक कारण. फोटोसाठी येणारे हौशी लोक त्याचे शेत तुडवीत, हे दुसरे.

हे दुसरे कारण मला ठाऊक होते, तरीही जानेवारीतल्या एका सकाळी म्हसवड ओलांडून आटपाडीच्या अंगाला, एका बांधावरच्या बाभळीपुढे मी जो ट्रायपॉड मांडला तो कोणाच्या तरी हरभऱ्यात. दवाने विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि हरभऱ्याच्या आंबीने पोटऱ्या चुरचुरत होत्या. बांधाच्या अलीकडे, पश्चिमेला, हा हरभरा. पलीकडे कणसावर आलेला शाळू. आणि झाडामागून सूर्य, म्हणजे सावली सरळ माझ्या पायांशी.

उभ्याने पाहिले तेव्हा चित्र जमेना. दूरची शेते आणि गावाची पांढरी घरे खोडाला छेदून जात होती. नवशिक्यांना सहसा कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट इथे सांगतो. सपाट भूमीवर क्षितिज प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवर छेदते. तुम्ही उभे, तर ते खोडाच्या पाच फुटांवरून जाते. कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर आणला, तर सबंध झाड आभाळात चढते. आणि उंचवट्यावर गेलात, तर शेंडासुद्धा मातीत बुडतो. एकटेपण असे गुडघे वाकवून मिळवावे लागते. तसेच अंतराचे. वाइड लेन्स घेऊन झाडाला भिडलात तर मागची डोंगररांग मुंगीएवढी होते. दूर जाऊन लांब पल्ल्याच्या लेन्सने पाहिलेत तर तीच उठून झाडाच्या पाठीशी येते. क्षितिज चौकटीत किती वर ठेवावे याचे मात्र सूत्र नाही. त्यासाठी औंधच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेल्या संग्रहालयात जावे, आणि विषय-नायिकांकडे पाठ फिरवून चित्रकारांनी ही एक रेषा कुठे बेतली आहे, एवढेच पाहत हिंडावे. पंतप्रतिनिधी स्वतः कुंचला धरणारे संस्थानिक होते. असा अव्यापारेषु व्यापार त्यांना नापसंत झाला नसता.

प्रकाशाचा हिशेबही कॅमेऱ्यावर सोडू नये. समोरचे सर्व काही मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरून तो चालतो. त्यामुळे पांढरे धुके त्याच्या हातून मळके होते. तिथे एक्सपोजर एक-दीड स्टॉप वाढवावे. मोबाइल असेल तर झाडावर बोट दाबून धरून सूर्याची खूण वर सरकवावी. प्रकाशाविरुद्ध मात्र घाई नको. बाभळीची आकृती काळी हवी असेल तर आहे ते राहू द्यावे. हरभऱ्यावरचे दव दिसायला हवे असेल तर अर्धा स्टॉप पुरतो.

मी असा पालथा पडून हिशेब करीत असता मागून आवाज आला, "पाव्हणं, मोजणी आली व्हय?"

फेटेवाले आजोबा ट्रायपॉडकडे पाहत होते. मी उठून हरभऱ्यात पाय घातल्याबद्दल माफी मागितली. ती त्यांनी ऐकलीच नाही. सरकारी मोजणीदार नसून मी केवळ झाडाचा फोटो काढतो आहे, हे कळल्यावर त्यांचा चेहरा प्रथम उतरला आणि मग एकाएकी उजळला. बाभूळ हद्दीवर होती. पलीकडचा शाळू चुलतभावाचा. झाड कोणाचे याचा तंटा बापाच्या हयातीपासून चाललेला, म्हणून दोघांपैकी एकालाही त्यावर कुऱ्हाड घालता येत नव्हती. आणि ज्या एकाकीपणासाठी मी पहाटे चारला साताऱ्याहून निघालो होतो, तो या भाऊबंदकीच्या आधाराने इतकी वर्षे उभा होता.

"सकाळचा वसवा समदा आमच्या रानात," ते बुंध्यापासून निघालेल्या काळ्या पट्ट्याकडे हात करून म्हणाले. "त्येच्याखाली हरबरा बघा कसा खुरटलाय. वसवा आमी सोसायचा आन् सरपण त्येनं न्यायचं?"

"संध्याकाळी सावली त्यांच्याकडे जात असेल ना?" मी विचारले.

"जात आसंल. सांजचा फोटू काढू नगा."

प्रत पाठवण्याचे मी कबूल केले. "तारीख आन् टाइम छापून द्या," अशी अट त्यांनी घातली. मी मोठी प्रत करून पाठवली. झाड डावीकडे एक तृतीयांशावर, उजवीकडे कोरे आभाळ, त्या आभाळाचा मला अभिमान होता. पुढच्या संक्रांतीला त्या वाटेने गेलो तेव्हा आजोबांनी ट्रंकेतून सातबाऱ्याच्या उताऱ्यांची पिशवी काढली. फोटो तीत होता. कागदांच्या मापात बसावा म्हणून तो वरून कातरला होता. आभाळ गेले होते, बाभळीचा शेंडाही गेला होता. दीडशे फुटांची सावली मात्र त्यांनी टोकापर्यंत अखंड राखली होती.