प्रोजेक्ट मॅनेजमेंट: वलीम्याच्या तयारीपासून कॉलेजच्या वर्गापर्यंत

प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हटलं की आपल्याला वाटतं, हा मोठ्या साहेबांचा विषय. पण घरात वलीमा ठरला की आपण तेच करतो. काय करायचं, किती दिवसांत, किती पैशांत? विद्यापीठात हेच तीन प्रश्न कागदावर नीट मांडायला शिकवतात.

समजा, कार्डं छापायला ८ दिवस आणि नंतर वाटायला १० दिवस लागतात. झाले १८ दिवस. त्याच वेळी टेलर १२ दिवसांत कपडे देणार आहे. टेलरने ६ दिवस उशीर केला तरी निभावतं. छापखान्याने २ दिवस केला तर सगळंच पुढे जातं. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या या सर्वांत लांब साखळीला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या कारखान्यांसाठी ही पद्धत तयार झाली.

इंजिनीअरिंग आणि एमबीएच्या अनेक अभ्यासक्रमांत हा विषय असतो. फी परवडत नसेल तर सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवर असे कोर्स मोफत शिकता येतात. सर्टिफिकेटसाठी मात्र परीक्षेची फी भरावी लागते.

आपली कितीतरी मुलं वडिलांबरोबर बांधकामाच्या साइटवर किंवा केटरिंगमध्ये हे काम करतच असतात. मुलाखतीत मात्र गप्प बसतात, कारण त्या कामाची भाषा त्यांना कुणी शिकवलेली नसते. म्हणून अ‍ॅडमिशन घेताना फक्त कोर्सचं नाव पाहू नका. मुलगा असो वा मुलगी, सोबत बसून सिलॅबसही वाचा.