होमिओपॅथीच्या विरलनांची रोपांवरील चाचणी

होमिओपॅथीत मूळ द्रव्याचा १ भाग ९९ भाग पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये मिसळून जोराने हलवतात. असे ३० वेळा केले की ३०सी विरलन तयार होते. १२सीच्या पुढे मूळ द्रव्याचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता फार कमी. तरीही २०१० मध्ये मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी धातूंपासून केलेल्या ३०सी व २००सी औषधांत धातूचे नॅनोकण आढळल्याचे प्रसिद्ध केले. कण सापडणे आणि परिणाम होणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत.

परिणाम तपासायला रोपे सोयीची, कारण औषधावरच्या विश्वासाचा त्यांच्यावर प्रभाव पडत नाही. लिली कोलिस्को यांनी १९२०च्या दशकात गव्हाच्या अंकुरांवर असे प्रयोग केले. नंदुरबारच्या मिरचीवर चाचणी घ्यायची तर वाण, माती आणि उजेड सारखाच हवा. तुलनेला साधे पाणी पुरत नाही. तितक्याच वेळा विरल करून हलवलेले पाणी लागते, कारण हलवताना काचेतले क्षारही पाण्यात उतरू शकतात. बाटल्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक असावेत आणि ट्रेच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. हे फार महत्त्वाचे, कारण कोणत्या ट्रेला औषध दिले हे ठाऊक असेल तर मोजणाऱ्याचा हात नकळत झुकतो. उगवण, मुळांची लांबी व कोरडे वजन नोंदवल्यावरच संकेत उघडतात. दिसलेला फरक दुसऱ्या प्रयोगशाळेतही पुन्हा दिसावा लागतो. तशी सातत्यपूर्ण पुष्टी अद्याप मिळालेली नाही.