जप्त केलेला फोन बंद करू नका

सोलापूरच्या फौजदार चावडी पोलीस ठाण्यात मोबाइल जप्त झाला, तर पंचनाम्यात कंपनी, रंग, आयएमईआय क्रमांक हवाच. पण फोन चालू होता की बंद, ही नोंद माझ्या मते त्याहून मोलाची आहे. पुढे त्यातून काय हाती लागणार, हे बरेचसे तिथेच ठरते.

फोन सुरू झाल्यावर मालकाने एकदा पासवर्ड टाकला, की माहितीचे कुलूप उघडणाऱ्या बहुतेक किल्ल्या फोनच्या स्मृतीत राहतात. पडदा पुन्हा लॉक झाला तरी त्या तिथेच असतात. इस्रायलच्या सेलेब्राइटसारख्या कंपन्यांची उपकरणे सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी शोधून या अवस्थेतल्या फोनमधून पुष्कळ काही काढू शकतात. फोन बंद केला की किल्ल्या पुसल्या जातात. मग उरतो पासवर्ड. सहा आकड्यांच्या दहा लाख शक्यता. चूक होत गेली की फोन पुढच्या प्रयत्नाला मुद्दाम उशीर लावतो. पूर्वी मेमरी चिप सोलून काढत आणि वाचत. आता किल्ली त्या फोनच्या प्रोसेसरमधल्या गुपिताशी बांधलेली असते, त्यामुळे सुट्या चिपमधून नुसता सांकेतिक कचरा मिळतो.

वेळही हातात नाही. 2024 च्या आयओएस 18.1 पासून आयफोन साधारण 72 तास उघडला नाही, तर स्वतःच रिस्टार्ट होतो. मुद्देमाल कक्षात शनिवार-रविवार आणि जोडून एक सुट्टी गेली, की संधी संपली. दुरून माहिती पुसली जाऊ नये म्हणून फोन लहरी अडवणाऱ्या फॅराडे पिशवीत ठेवतात; पण नेटवर्क शोधत राहिल्याने बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून सोबत पॉवर बँकही लागते.

फोनमधल्या माहितीच्या काढलेल्या प्रतीचे हॅश मूल्य, म्हणजे तिची गणिती ओळखखूण, नोंदवतात. प्रतीत एक अक्षर बदलले तरी ते बदलते. जालन्याच्या 2014 च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या नमुन्यात आता हॅशही लिहावा लागतो.

राहिला आरोपीचा हक्क. 1961 मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी सांगितले, की बोटांचे ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. पासवर्ड मात्र मनात असतो. दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयाने 2022 मध्ये तो सांगण्याची सक्ती नाकारली. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याआधी, 2021 मध्ये, वेगळी भूमिका घेतली होती. माझा कौल दिल्लीच्या बाजूने आहे. फोनमध्ये एका गुन्ह्याचा पुरावा असेल. पण त्याच फोनमध्ये घरच्यांचे फोटो, आजारपणाचे कागद आणि ज्यांच्यावर कसलाच आरोप नाही अशा माणसांचे निरोपही असतात.